सप्टेंबरच्या पानावरचा बाप

सकुबाईला दिसू लागलं ही बातमी सकाळी सव्वादहाला फोनवर आली, आणि साऱ्या कुडाच्या पाड्यावर तिच्या पोटच्या पोराएवढा धसका कुणीच घेतला नसेल.

आता आईला दिसू लागलं म्हणून कुणी घाबरतं का? लोक साखर वाटतात. नामानंही फोनवर ‘बरं झालं गो, लय बरं झालं’ असं लेकीला दोनदा सांगितलं. मग फोन ठेवला आणि तडक आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या फोटोसमोर उभा राहिला. फोटोत त्याचा बाप होता. म्हणजे नव्हता, आणि सगळा घोळ तिथंच होता.

खाली अक्षरं होती ती बरोबर होती, ‘कै. बारकू’. वरचं तोंड मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा शास्त्र्याचं होतं, मुंबईतल्या एका संग्रहालयात टांगलेल्या रंगीत चित्रातलं. हे जगात तिघांना ठाऊक होतं. एक नामा, दुसरी त्याची बायको पारू, तिसरा शहापूरचा किशोर फोटोवाला. ज्या माणसाला कळायला नको होतं ते दुपारी खर्डीहून रिक्षानं यायचं होतं, नवा डोळा घेऊन. अठरा वर्षं त्या बाईनं रोज तिन्हीसांजेला ह्या फोटोला हात जोडले होते, नवरा म्हणून. एका विधवेला परक्या पुरुषासमोर हात जोडायला लावले, आणि लावले कुणी, तर पोटच्या पोरानं. हे कळल्यावर ती शिव्या देईल याचं नामाला काही वाटत नव्हतं, शिव्या तो लहानपणापासून खात आला होता. ती गप्प बसेल, याची त्याला भीती होती.

बारकू गेला तेव्हा नामा अकरा वर्षांचा होता. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी माणूस गेला. त्या काळी आजारपणं अशीच असत, फार वेळ घेत नसत. त्याचा फोटो एकदाच निघता निघता राहिला होता. मुरबाडकडं म्हसा गावी जत्रेला नवराबायको बैल बघायला गेली होती. तिथं एक फोटोवाला मोटार रंगवलेला पडदा लावून बसला होता. सकुबाईला फार हौस वाटली. बारकू म्हणाला, “फोटू काढला की आयुष्य घटतं.” न काढताही घटलंच, पण ते त्याला कुठं ठाऊक.

पुढं कितीतरी वर्षं फोटोवाचून कुणाचं अडलं नाही. पाड्यावर कुणाच्याच मेलेल्या माणसाचा फोटो नव्हता, तेव्हा सगळे सारखे होते. मग घरोघरी चौकटी आल्या, चंदनाचे हार आले, लाल बारीक दिवे आले. लग्नपत्रिकेवर गेलेल्या वाडवडलांची तोंडं गोल कापून छापायची पद्धत आली. आणि एक दिवस शेजारच्या मंगळूनं बापाचा हा एवढा मोठा फोटो ओटीवर टांगला. झालं. सुट्टीला नामा घरी आला की सकुबाईचं एकच पालुपद.

“मंगळूच्या बापाला तोंड हाय नि तुझ्या बापाला नव्हतं काय रे?”

“होतं गो आये, पन फोटू कुठनं आनू?”

“ममईला ऱ्हातोस ना? समदं भेटतं तिथं.”

“आन तुला तर दिसत नाय. फोटू घेऊन करशील काय?”

हे खरं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, सगळं ताकातून पाहिल्यासारखं दिसतं म्हणायची. माणूस आलं-गेलं कळे, पण कोण ते आवाजावरून. ऑपरेशनचं नाव काढलं की, ‘डोळं चिरून घ्यायला मी काय जत्रंची बकरी हाय?’ असं म्हणून ती कुणाला त्या वाटेला जाऊ देत नसे. फोटोच्या प्रश्नावर मात्र तिचं उत्तर तयार होतं.

“मला नाय दिसत, पन आल्यागेल्याला तं दिसतं.”



नामा तेव्हा संग्रहालयात अटेंडंट होता. एकतीस वर्षं काढली त्यानं तिथं. खाकी गणवेश, दालनाच्या दारापाशी लाकडी स्टूल, आणि काम म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं की कुणी चित्राला बोट तर लावत नाही. लोकांना वाटतं, बसून पगार खातो. त्यांनी एक दिवस नुसतं बसून दाखवावं. नामानं ते काम जीव लावून केलं, कारण त्या दालनात शास्त्रीबुवा होते.

नावानिशी कुणी नव्हतेच ते. चित्राखालच्या पट्टीवर एवढंच होतं: ‘विद्वान शास्त्री, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, चित्रकार अज्ञात.’ पांढऱ्या बैठकीवर एक वाळका, सावळा माणूस बसलेला. डोक्याला पगडी, खांद्यावर किरमिजी शाल, कपाळाला गंध. पुढ्यात सुट्या पानांची पोथी. त्यातलं एक पान हातात, आणि बोट एका ओळीच्या मधोमध टेकवलेलं. नजर मात्र पोथीत नाही, वर उचललेली. वाचता वाचता कुणी दारात आलं म्हणून मान वर केली, आणि तेवढ्यात चित्रकारानं गाठलं. बाकी भिंतींवर राजे होते, सरदार होते, पण ते सगळे समोरच्याच्या डोक्यावरून बघत. हा एकटाच माणसाकडं बघे. नामा रोज सकाळी झडपा उघडताना म्हणे, “मीच आलोय हो बुवा, वाचा पुढं.” एकतीस वर्षांत बुवांनी पान काही उलटलं नाही, पण सोबत चांगली केली. पावसाळ्यात दालन ओस पडलं, की नामा स्टुलावरून त्यांना घरचं सगळं सांगे. लावणी कुठवर आली, पारूचं दुखणं, माधुरीचे मार्क. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला कुणीतरी ऐकणारं लागतं, मग ते चित्रातलं का असेना. निवृत्तीच्या दिवशी सायबानं नारळ दिला, भाषण केलं, तेव्हा नामाला काही झालं नाही. झडपा लावताना मात्र त्याला रडू आलं. अजूनही भात झोडताना मध्येच हात थांबतो, आणि मनात येतं, आता दालन उघडलं असेल.

आईच्या त्या पालुपदानं तो वैतागला होता, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी बुवांकडं बघता बघता त्याच्या मनात आलं, हे कान. बापाचे कान असेच मोठे होते. गालही असेच बसलेले. डावी पापणीसुद्धा अशीच थोडी उतरलेली. एकदा दिसायला लागलं की काय, मग दिसतच गेलं. त्या वर्षी संग्रहालयानं आपल्या चित्रांचं कॅलेंडर काढलं होतं, आणि उरलेल्या प्रती नोकरमाणसांना वाटल्या. बुवा सप्टेंबरच्या पानावर आले होते. म्हणजे ऐन पितरांच्या पंधरवड्यात. नामानं हा देवाचा कौल मानला. ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, त्याला आपलं म्हटलं तर कुणाचं काय जातंय?

पान घेऊन तो शहापूरला किशोरकडं गेला. किशोर नुकताच कॉम्प्युटर शिकलेला, हाताला खाज. “पगडी काढून मुंडासं घाल, शाल काढ, गंध पूस,” एवढंच सांगितलं होतं. तर करायला गेला गणपती आणि झाला मारुती. किशोरनं कुठल्याशा नवरदेवाचा तुऱ्याचा फेटा बुवांच्या डोक्यावर चढवला आणि मागं बर्फाचे डोंगर उभे केले. नामा म्हणाला, “अरे, माझा बाप म्हशाच्या जत्रंपुढं गेला नाय कवा.” मग डोंगर गेले, तुरा गेला, छातीखालचं पोथीसकट सगळं कापलं. गंध पुसलं तिथं कपाळावर एक फिकट डाग तेवढा राहिला.

फोटो घरी आला त्या दिवशी सकुबाईनं काचेवरून हात फिरवला. “नामा, काय दिसतंय सांग.”

“कान मोठे हायत.”

“हां.”

“गाल बसलेले. डावी पापनी जरा खाली.”

“हां, हां,” ती म्हणाली, आणि तिनं हात जोडले.

त्या दिवसापासून नामा घरी असला की दिवा लावताना ती हटकून विचारी, “काय दिसतंय सांग.” आणि तो सांगे. सांगताना सुरवातीला जीभ अडखळे. पुढं सवय झाली. खोट्याचंही तसंच आहे, सांगून सांगून गुळगुळीत होतं.

मग यंदा माधुरीचं लग्न ठरलं. मुलगा भातसानगरला, धरणावर नोकरीला. आणि इतकी वर्षं डोळ्याला हात लावू न देणारी म्हातारी एकाएकी म्हणाली, “नातजावई डोळ्यानं बघितल्याबिगर मी मरनार नाय.” शहापूरला डोळ्यांचं शिबिर होतं. काल नामाच तिला सोडून आला, सोबतीला माधुरी राहिली. आणि आज सकाळी पट्टी निघाली.

“आवो, काढून ठेवा तो फोटू,” पारू म्हणाली. ती सकाळपासून तिसऱ्यांदा हेच सांगत होती. “कणगीत घाला. पडला नि फुटला म्हनून सांगू.”

“आन भिंतीवर हात फिरवल तवा?”

“तवाचं तवा बघू. तुमाला सोय कळत नाय, नुसता घोर कळतो.”

शेवटी त्यानं फोटो काढला. भिंतीवर चौकटीएवढा चुना पांढरा उरला. फोटो फडक्यात गुंडाळून कणगीत भातावर ठेवला आणि झाकण लावलं. ओटीवर येऊन विडी पेटवली, ती दोन झुरक्यांत विझली. बापाला एकदा मातीआड केलं होतं, आता कणगीत घातलं, असं काहीतरी त्याच्या मनात यायला लागलं. बाप नव्हता तो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी यायला लागलं. तो उठला, फोटो काढला, काचेवरचा कोंडा पुसला आणि परत खिळ्याला लावला. पारूनं कपाळाला हात लावला. तिचंही काही चुकत नव्हतं.

दोन वाजता रिक्षा आली. काळा चष्मा लावून सकुबाई उतरली, माधुरीनं हात धरला तो तिनं झटकून टाकला. अंगणात उभी राहून तिनं सगळं बघून घेतलं.

“कौलं कवा काढलीत?”

“दहा वर्सं झाली, आये. पत्रं घातलं.”

“मला नाय सांगितलंत.” मग ती पारूकडं वळली, चांगली निरखून बघत राहिली. “पारू? तू येवढी म्हातारी कवा झालीस गो?”

“तुमची उस्तवारी करता करता, आत्या.”

सकुबाई हसली. माधुरीच्या गालांवरून हात फिरवून ‘माझ्यावर गेलीस’ म्हणाली, जे कुणालाच पटलं नाही. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. आणि मग नामाला म्हणाली, “चल, दाव.”

आतल्या खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. फोटोसमोर जाऊन तिनं काळा चष्मा काढला. नामा म्हणाला, डॉक्टरनं काढायला नाय सांगितलं. तिनं ऐकलं नाही. नाक काचेला लागेल इतकी ती जवळ गेली, मग मागं आली, मग परत जवळ. बराच वेळ ती काही बोलली नाही. ज्याला नामा भीत होता तेच हे, गप्प बसणं.

“आये, मला तुला कायतरी सांगायचंय.”

“थांब. आधी दार लोट.”

त्यानं दार लोटलं. ती त्याच्याकडं वळली.

“हा तुझा बाप हाय का?”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? मी इचारते तुला. हा तोच हाय का? मला नाय ठाऊक.”

हा प्रश्न त्यानं अठरा वर्षांत हजारदा मनात ऐकला होता, पण असा नाही. ती त्याला पकडत नव्हती. ती खरंच विचारत होती.

“मला त्याचं तोंड आठवत नाय, नामा,” सकुबाई म्हणाली. “आज नाय, लय वर्सांपास्नं. लगीन झालं तवा मी तेरा वर्सांची. घरात सासू, सासरा, दोन दीर. डोईचा पदर कवा ढळला नाय नि मान कवा वर झाली नाय. त्याच्याकडं टक लावून बघायचं कवा? तो गेला तवा वाटलं, एवढं ध्यानात ऱ्हाईल. चार-पाच वर्सं राह्यलं. मग फिकं व्हत व्हत गेलंच. मंगळूच्या घरी फोटू आला तवा मी म्हनलं, माझ्या पोराला तरी आठवत असल. त्यानं आनला तर मलाबी बघाया भेटल, डोळ्याला जेवढं दिसल तेवढं. तर कायच दिसंना. म्हनून तुला इचारायचे, काय दिसतंय सांग. तू सांगायचास नि मी पाठ करायचे. बाईनं नवऱ्याचं तोंड पोराकडनं पाठ करायचं, हे सांगू कुनाला?”

नामा तिच्यासमोर जमिनीवर बसला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दालन, शास्त्रीबुवा, कॅलेंडर, किशोरचा फेटा, बर्फाचे डोंगरसुद्धा. काहीही राखलं नाही. सांगताना तो जमिनीकडं बघत होता.

ती सगळं ऐकून घेऊन फोटोकडं बघत राहिली.

“पोथी वाचनारा व्हता?”

“हां.”

“अडीचशे वर्सांमागला?”

“हां, आये.”

“मग त्याचं तरी कोन राह्यलं असल दिवा लावायला,” ती म्हणाली. “लावला आपुन, बरं झालं.” थोडं थांबून तिनं विचारलं, “पन तुझा बाप असाच दिसायचा ना? कान नि गाल? म्हनून तर तू ह्याला आनलास.”

हो म्हणायला नामानं तोंड उघडलं आणि बाप आठवायला गेला. बुवाच आले. परत गेला, परत बुवाच आले, मुंडाशातले. ते कान बापाचे म्हणून त्याला बुवांत दिसले होते, की बुवांचे म्हणून बापाला लागले होते, त्याचं त्यालाच आता सांगता येईना. एकतीस वर्षं रोज एकाच तोंडाकडं बघत होता तो. अकरा वर्षांच्या पोराला जे काय आठवत असेल नसेल, ते त्याच्याखाली कधीच बुजून गेलं होतं. त्याला भयंकर वाईट वाटलं. आईची फसवणूक केली म्हणून तो इतका झुरत होता, आणि इथं बापच हातचा गेला होता.

“मलाबी नाय आठवत, आये,” तो म्हणाला.

बाहेर पारू माधुरीला कसलं तरी सरपण आत घ्यायला सांगत होती.

सकुबाईनं चौकटीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. “ह्याला पाय नायत,” ती म्हणाली. “पाय असतं तर मी लगेच सांगितलं असतं.”

“पाय?”

“मग? मान खाली घालून चालनारी बाई काय बघते रे? तो पुढं नि मी मागं. म्हशाच्या जत्रंला गेलो, मी त्याच्या टाचांच्या मागं मागं गेले नि तशीच आले. वाटंवरचं झाडसुद्धा सांगता नाय यायचं मला. पन पाय सांग म्हन. टाचंला ही येवढी भेग. घोट्यावर कोयत्याच्या घावाचा वन. आन उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, लगनानंतर हळूहळू चढली ती. चिखलात उमटली तरी वळखायचे मी. लावनीत धा मानसं असली तरी ह्यो गेला हितनं, म्हनून सांगायचे.”

बोलता बोलता ती थांबली. नामा जमिनीवर पाय पसरून बसला होता, आणि खिडकीतलं ऊन नेमकं तिथं पडलं होतं. पोरपणी त्या पायांची बोटं सरळ होती. मग एकतीस वर्षं ते कातडी बुटांत होते, आणि बुटांतून निघाले तेव्हा तिला दिसत नव्हतं.

सकुबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. चष्मा कुठंतरी पडला, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही. तिनं त्याचा उजवा पाय ओढून घेतला, वाकून पाहिला, करंगळी शेजारच्या बोटावरून सोडवली. ती परत जाऊन तिथंच बसली. मग तिनं दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं आणि त्याच्यावर डोकं टेकलं.

नामा दचकला. आईनं पोराच्या पाया पडायचं म्हणजे उलटा कारभार.

“आये, पाय नको धरू माझं. पाप लागल मला.”

“तुझं नाय धरलं,” सकुबाई म्हणाली. “तू उगी ऱ्हा.”